होडीत सहा जण पुरे : लेखी पात्रखेळाचा गट कसा सुरू करावा आणि कसा चालवावा

गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक पाहिलेल्या माणसाला लेखी पात्रखेळ समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाच्या हाती लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते, प्रवेश कोणाचा आधी आणि कोणाची गाठ कोणाशी पडणार, एवढेच पडद्यामागे ठरलेले असते. संवाद ज्याचे त्याने त्या क्षणी रचायचे असतात आणि समोरचा राजा काय बोलला ते ऐकूनच राक्षसाला उत्तर द्यावे लागते. हेच काम मोबाईलवर, लिहिलेल्या वाक्यांतून आणि एक-दोन दिवसांच्या अंतराने करायचे, म्हणजे मजकुरातून चालणारा ऑनलाइन रोलप्ले. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेऊन त्याचे बोलणे व वागणे लिहितो. पाऊस, बाजार, शिपाई, वाटेत भेटणारी अनोळखी माणसे असे उरलेले सगळे जग संचालक सांभाळतो.

हा प्रकार आजचा नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८मध्ये केवळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा ‘मड’ हा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला. १९८९मध्ये जेम्स ॲस्पनेस यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘टायनीमड’ तयार केला. त्यात राक्षस मारून गुण मिळवण्याची सोयच नव्हती, खेळाडूंनी खोल्या बांधायच्या आणि एकमेकांशी बोलायचे. आपण ज्याला रोलप्लेचा गट म्हणतो तो या दुसऱ्या वळणाच्या जवळचा आहे. आता त्यासाठी संगणकशास्त्र यावे लागत नाही. लागतो तो लिहिण्याचा नाद आणि स्वतःचे लिहिणे आवरण्याची सवय. यांतील दुसरी गोष्ट अधिक अवघड असून, पुढे सांगितलेली बहुतेक पथ्ये तिच्यातूनच निघतात.

जागा लहान, अडचण ठळक

आमचा पहिला गट डिचोलीत माझ्या घरच्या मेजावर जन्मला आणि तिसऱ्या आठवड्यात बंद पडला. मी कदंब राजांच्या काळातील गोपकपट्टणाचे अख्खे बंदर उभे केले होते: चाळीस पानांची पार्श्वभूमी, घराण्यांच्या वंशावळी, गल्लीबोळांचा नकाशा, व्यापाऱ्यांच्या तीन श्रेणी आणि त्यांची परस्परांतील वैरे. एकोणीस जणांनी नावे दिली. सगळ्यांनी पाने वाचली, स्तुती केली आणि मग कोणालाच काय करावे ते सुचेना, कारण करण्यासारखे सगळे मीच करून ठेवले होते. खेळ संपला असे कोणी म्हटले नाही. एके दिवशी माझ्याशिवाय दुसरे कोणी लिहीत नाही एवढे माझ्या लक्षात आले.

दुसऱ्या वेळी मी मांडवीच्या काठावरची एक काल्पनिक तर, म्हणजे होडीने नदी ओलांडण्याची जागा, घेतली. साल १८४३, म्हणजे पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला ते. होडी चालवणारा तारी, काठावर दुकान मांडून बसलेला पसरकार, देवळातला पुजारी, सुईण, सरकारी कचेरीतला कारकून आणि घाटावरून उतरलेला एक व्यापारी अशी सहाच पात्रे. तरीवर एक कुलूपबंद पेटी आली आहे, तिचा धनी कोण ते कळत नाही आणि पौर्णिमेच्या भरतीपूर्वी ती पलीकडे गेली पाहिजे असा निरोप आहे. पार्श्वभूमी एवढीच, ती अर्ध्या पानात मावली. हा खेळ पाच महिने चालला.

म्हणून नव्या संचालकाने आरंभी तीनच गोष्टी ठरवाव्यात: पात्रांना एकमेकांना टाळता येणार नाही अशी एक जागा, सर्वांना कुठून तरी टोचणारी एक अडचण आणि त्या अडचणीला एक मुदत. उरलेले जग खेळाडू विचारतील तेव्हा आणि तेवढेच बांधावे. पुजाऱ्याच्या खेळाडूने ‘देवळाचे महाजन कोण?’ असे विचारले, तर उत्तर देण्याऐवजी तोच प्रश्न त्याच्याकडे परतवावा आणि त्याने सांगितलेले खरे धरावे. स्वतः रचलेल्या जगात माणूस अधिक काळ रमतो.

गाव मात्र काल्पनिकच असू द्यावे. आमच्याकडे एका खेळाडूने हौसेने खऱ्या गावाचे नाव आणि तिथल्या खऱ्या घराण्याचे आडनाव वापरून एक लबाड मानकरी रंगवला. त्या गावातील एक जण गटातच होता, आणि त्याला जे वाटले ते योग्यच होते. गोवा लहान आहे, इथे कोणतेही आडनाव कोणाच्या तरी मामाचे निघते. ग्रामदैवताला बोलते पात्र करू नये असेही माझे मत आहे. गाव राखणाऱ्या अदृश्य राखणदाराची भीती कथेत जरूर असावी, पण त्याच्या तोंडी वाक्ये घालण्याचा अधिकार कोणा एका खेळाडूला देऊ नये.

इतिहासातला काळ निवडल्यास तपशिलावरून वाद होतातच. तंबाखूची विक्री कोणाच्या हाती होती यावर आमचे चार दिवस गेले. आता नियम असा आहे की चालू प्रकरणात, म्हणजे कथेच्या चालू भागात, संचालकाचे म्हणणे ग्राह्य धरायचे आणि चूक सिद्ध झाल्यास पुढच्या प्रकरणात सुधारायची.

कुठे खेळावे

व्हॉट्सॲप सर्वांकडे असते, म्हणून तिथेच सुरुवात करण्याचा मोह होतो. मी तो सल्ला देत नाही. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर सर्वांना दिसतो, आणि कथा, गप्पा, ‘आज उशीर होईल’चे निरोप असे सगळे एकाच ओळीत वाहत जाते, चार दिवसांनी आलेल्या खेळाडूला पेटी कुठे आहे हे शोधण्यासाठी वाढदिवसाच्या तीस शुभेच्छा ओलांडाव्या लागतात. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो आणि मोठ्या ग्रुपमध्ये विषयवार विभाग करता येतात. २०१५मध्ये सुरू झालेले डिस्कॉर्ड मुळातच खेळणाऱ्यांसाठी घडवलेले असल्यामुळे त्यात प्रत्येक गटाच्या जागेत (तिला तिथे ‘सर्व्हर’ म्हणतात) वेगवेगळे चॅनेल म्हणजे विषयवार दालने, कोणाला कुठे लिहिता येईल याचे अधिकार आणि फासे टाकणारे बॉट म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम या तिन्ही सोयी मिळतात. आमचा गट तिथे आहे.

डिस्कॉर्डवर विनामूल्य खात्याच्या एका संदेशाला २००० अक्षरचिन्हांची मर्यादा असते आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘पेटी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसला, तरी मोजणीत चार चिन्हांचा भरतो. मराठीत ही मर्यादा साधारण तीनशे शब्दांवर येते, आणि ती मला उपकारकच वाटते.

चॅनेल चारच ठेवावेत: कथेचा, पात्रपत्रिकांचा, नियमांचा आणि गप्पांचा. कथेच्या चॅनेलमध्ये पात्रांखेरीज कोणी बोलू नये. खेळाडू म्हणून काही सांगायचे असल्यास गप्पांकडे जावे. नवे संचालक उत्साहाने वीस चॅनेल उघडतात आणि त्यांतले सतरा रिकामे राहतात. रिकाम्या चॅनेलांचा सर्व्हर शुक्रवार सोडून अन्य दिवशी पाहिलेल्या म्हापशाच्या बाजारासारखा दिसतो.

कथेचा मजकूर देवनागरीतच असावा, हा आग्रह पहिल्या दिवसापासून धरावा. रोमन लिपीतले मराठी गप्पांत चालते, पण कथेत आले की वाचणाऱ्याचा वेग निम्म्यावर येतो. ज्यांना टंकनाची सवय नाही त्यांनी मोबाईलवरच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटवण्याचा पर्याय निवडावा; आठवड्याभरात हात बसतो.

पात्रपत्रिका आणि मराठीचे प्रश्न

पात्रपत्रिका अर्ध्या पानाहून मोठी नसावी. पात्राचे नाव, धंदा, त्याला आत्ता काय हवे आहे, ते काय लपवत आहे आणि इतर पात्रांपैकी कोणाचे देणे त्याच्यावर आहे, एवढे पुरते. बालपणीचे दुःख नंतर सांगता येते. ‘काय हवे आहे’ याचे उत्तर मात्र पहिल्याच दिवशी लागते, कारण इच्छा नसलेले पात्र खिडकीशी उभे राहून पाऊस पाहत बसते.

इंग्रजी गटांत खेळून आलेल्यांच्या लक्षात न येणाऱ्या दोन गोष्टी मराठीत आधीच ठरवाव्या लागतात. पहिली म्हणजे पुरुष आणि काळ. मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत लिंग उघड होते, त्यामुळे वेषांतर केलेले किंवा ओळख लपवणारे पात्र प्रथमपुरुषात लिहिता येत नाही. आम्ही कथन नेहमी तृतीयपुरुषी वर्तमानकाळात करतो: ‘तारी दोर सोडतो’, ‘सुईण दाराशी थबकते’. कृती डोळ्यांसमोर घडते आणि सहा जणांचे लेखन एकाच हातचे वाटू लागते. दुसरी गोष्ट संबोधनाची. कोणते पात्र कोणाला ‘तू’ म्हणते, कोणाला ‘तुम्ही’ आणि कोणाला ‘बाब’ किंवा ‘बाय’ जोडून हाक मारते, हे पत्रिकेत लिहून ठेवावे. आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण घरी कोकणी बोलणारे आणि मराठीत लिहिणारे खेळाडू गटात बरेच असतात आणि कोकणीत वडीलधाऱ्यांनाही ‘तूं’ म्हणण्याची रीत अनेक घरांत आहे. तीच सवय मराठी संवादात उतरली, की सावंतवाडीच्या किंवा पुण्याच्या खेळाडूला तारी उद्धट वाटू लागतो. यावर आमचा तोडगा असा आहे की कथन प्रमाण मराठीत लिहावे आणि पात्राच्या तोंडी कोकणी, मालवणी किंवा घाटावरची बोली खुशाल येऊ द्यावी. एकदा संबोधन ठरले की ते मोडण्यातही नाट्य असते. कारकुनाला कायम ‘तुम्ही’ म्हणणारी सुईण एके दिवशी ‘तू’वर येते, तेव्हा पुढचे तीन दिवस गप्पांचा चॅनेल दुसरे काही बोलत नाही.

लिहावे कसे

इथेच सर्वाधिक वेळ द्यावा, कारण गट टिकतो किंवा मोडतो तो प्रत्येक पोस्टच्या शेवटच्या वाक्यावर. नवा खेळाडू साधारणतः असे लिहितो: ‘पाऊस कोसळत आहे. भिवा तारी नदीकडे पाहत उभा आहे. त्याला वडिलांची आठवण येते आणि डोळे भरून येतात.’ वाक्ये वाईट नाहीत, पण त्यांना उत्तर देता येत नाही. वडिलांच्या आठवणीवर पसरकाराने काय करावे? तोही आपल्या दुकानात उभा राहून पाऊस पाहतो, मग पुजारी पाहतो, आणि चार दिवसांनी सगळे गाव पाऊस पाहत बसलेले असते.

आता हेच पाहा: ‘भिवा होडी काठाला लावतो, पण दोर हातातच ठेवतो. “रघुबाब, ही पेटी पलतडी न्यायचे पैसे काल रात्रीच कोणी तरी देऊन गेला, आणि नाव तुमचे सांगितले.”’ पसरकाराच्या खेळाडूला आता गप्प राहता येत नाही. तो नाकारील, कबूल करील किंवा पैसे किती होते असे विचारील. काहीही केले तरी कथा हलते. दोर हातात ठेवण्याचा लहानसा तपशील भिवाचा संशयही सांगून जातो. संचालकाने नवख्याला एवढेच शिकवावे की पोस्ट पाठवण्यापूर्वी शेवटची ओळ वाचून ‘यावर कोणाला काय करता येईल?’ असे स्वतःला विचारावे. ऐंशी ते दीडशे शब्द पुष्कळ झाले. नाटकांच्या स्पर्धा गाजवलेले खेळाडू गटाला भूषण असतात, पण ते दीर्घ स्वगते लिहितात आणि ती संपेपर्यंत बाकीची पात्रे नेपथ्यासारखी उभी राहतात. त्यांना हे गोड शब्दांत आणि खाजगीत सांगावे.

दुसरा नियम व्याकरणाच्या भाषेत सांगता येतो: दुसऱ्याच्या पात्राला कर्ता करून क्रियापद लिहू नये. ‘भिवा वल्हे उगारतो’ हे योग्य. ‘भिवा वल्हे उगारतो आणि रघुबा घाबरून मागे सरतो’ हे अयोग्य, कारण घाबरायचे की नाही हे रघुबाच्या खेळाडूने ठरवायचे आहे. या प्रकाराला खेळाडू ‘गॉडमोडिंग’ म्हणतात आणि तो क्षुल्लक समजू नये. ‘लॅम्डामू’ या १९९०मध्ये पाव्हेल कर्टिस यांनी सुरू केलेल्या मजकुरी जगात १९९३ साली एका खेळाडूने एक छोटा प्रोग्रॅम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावे लैंगिक अत्याचाराची वर्णने सर्वांसमोर लिहिली. ज्यांची पात्रे होती त्यांना झालेला त्रास खराखुरा होता. त्या जगात अशा वेळी काय करायचे याचा नियम नव्हता. भरपूर वादानंतर त्या खेळाडूचे खाते काढून टाकण्यात आले आणि पुढे खेळाडूंना प्रस्ताव मांडून मतदान करण्याची सोय कर्टिस यांनी केली. आपल्या सहा जणांच्या गटाला मतदानाची यंत्रणा नको, पण कर्त्याचा नियम पहिल्या दिवशी लिहिलेला हवा.

खेळाडूला ठाऊक असलेले सगळे पात्राला ठाऊक नसते, हा तिसरा नियम. पेटीत काय आहे ते सुईणीने पाहिले, सर्वांनी वाचले, पण कारकून त्या वेळी पणजीत होता. त्याने परत येताच पेटीकडे बोट दाखवले तर खेळातली गंमत गेली.

फासे कधी टाकावेत

निकाल अनिश्चित असेल आणि दोन्ही निकाल रंजक असतील तेव्हाच. पुराच्या पाण्यात होडी पलीकडे जाईल का, यासाठी फासे; तारी दोर सोडू शकेल का, यासाठी नव्हे. आम्ही सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज घेतो. छत्तीस शक्यतांपैकी सहा किंवा त्याहून कमी बेरीज पंधरा वेळा येते, सात ते नऊ पंधरा वेळा आणि दहा किंवा त्याहून जास्त सहा वेळा. पहिल्यात बेत फसतो, दुसऱ्यात तो साधतो पण काही किंमत देऊन, तिसऱ्यात निर्वेध साधतो. मधला निकाल सर्वांत मौल्यवान: होडी पोहोचली, पण वल्हे वाहून गेले. फासे सर्वांसमोर बॉटनेच टाकावेत. घरी टाकून सांगितलेल्या फाशांवरून मैत्री तुटते.

वेळापत्रक

प्रत्येकाला लिहिण्यासाठी अठ्ठेचाळीस तास द्यावेत. मुदत टळली तर वाट पाहू नये; संचालकाने त्या पात्राला सन्मानाने बाजूला न्यावे, ‘पुजारी सांजवातीसाठी देवळाकडे वळतो’ असे लिहून, आणि खेळ पुढे न्यावा. एकाची वाट पाहण्यात पाच जणांचा उत्साह जातो, हे मी दोनदा अनुभवले आहे. एक प्रकरण तीन-चार आठवड्यांत संपेल असे बेतावे आणि दोन प्रकरणांमध्ये आठवडाभर विश्रांती ठेवावी. ज्यांना बाहेर पडायचे असते ते त्या विश्रांतीत विनासंकोच पडतात आणि नवे लोक तेव्हाच आत घेता येतात.

चवथीच्या दिवसांत गोव्यात कोणी लिहीत नाही, हे आधीच मान्य करून दहा दिवसांची सुट्टी जाहीर करावी. पावसाळ्यात सत्तरीसारख्या भागात वीज आणि रेंज दोन्ही रुसतात, तेव्हा मुदत बहात्तर तासांवर न्यावी. मार्चमधील परीक्षा आणि शिगम्याच्या रात्री यांचाही हिशेब धरावा.

खेळाडू मिळवण्यासाठी मोठी जाहिरात नको. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात भेटणारे वाचक, महाविद्यालयांच्या मराठी विभागांतील मुले-मुली, गावच्या नाट्यमंडळातील हौशी नट यांच्यापैकी सात-आठ जणांना व्यक्तिशः विचारावे. त्यांतले पाच-सहा टिकतात. येणाऱ्याला कशाची आवड आहे ते मात्र ओळखावे. बार्टल यांनी १९९६मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: यश मिळवू पाहणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. आपल्या खेळाला मधले दोन मानवतात. पहिल्याला पेटीचे कुलूप द्यावे म्हणजे तो गुंतून राहतो. चौथ्याला नम्रपणे दुसरा खेळ सुचवावा.

मर्यादा, भांडणे आणि दप्तर

खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने संचालकाला खाजगीत सांगावे की कोणते विषय त्याला कथेत अजिबात नकोत आणि कोणते आडपडद्याने चालतील. ती यादी नावे न देता सर्वांसमोर ठेवावी. जात, धर्मांतर, देऊळ आणि चर्च हे विषय गोव्याच्या इतिहासात टाळता येत नाहीत, पण त्यांच्यावर पात्रे भांडत आहेत की खेळाडू, हे ओळखणे संचालकाचे काम आहे. कोणीही केव्हाही ‘थांबा’ असे लिहिले की प्रसंग तिथेच थांबतो आणि कारण विचारले जात नाही.

वयाबाबत माझा सल्ला कडक आहे. डिस्कॉर्डवर तेराव्या वर्षापासून खाते उघडता येते, परंतु आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक मानली आहे. अनोळखी मोठी माणसे आणि मुले यांना एका खाजगी गटात आणण्याची जबाबदारी नवख्या संचालकाने घेऊ नये. गट अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठीच ठेवावा. कोणी खरे नाव, पत्ता किंवा छायाचित्र मागू लागला, पैसे मागितले किंवा धमकावले, तर संदेशांचे स्क्रीनशॉट काढून त्याला त्याच क्षणी बाहेर काढावे आणि गरज पडल्यास १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर कळवावे. मुलाशी संबंधित काही आढळल्यास १०९८ हा क्रमांक आहे.

भांडणाचा निवाडा सर्वांसमोर करू नये. दोघांशी वेगवेगळे बोलावे, काय ठरले ते दोन ओळींत लिहून दोघांना पाठवावे आणि ती नोंद जपून ठेवावी. संचालक स्वतःच भांडणात असेल तर निवाडा दुसऱ्या ॲडमिनने करावा; म्हणून दुसरा ॲडमिन पहिल्या महिन्यातच नेमावा, आणि तो शक्यतो संचालकाचा जिवलग मित्र नसावा. दोघांनीही खात्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक संकेतांक मागणारी) लावावी, कारण ॲडमिनचे खाते दुसऱ्याच्या हाती गेले की सगळा सर्व्हर गेला.

आठवड्यातून एकदा कथेचा मजकूर एका दस्तऐवजात उतरवून घ्यावा आणि त्याच्या आरंभी पाच ओळींत ‘आतापर्यंत’ लिहावे. हे काम आळीपाळीने प्रत्येक खेळाडूकडे द्यावे, म्हणजे कोणाला काय महत्त्वाचे वाटले तेही कळते. लिखाणावर हक्क ज्याचा त्याचा राहतो, त्यामुळे ते बाहेर कुठे छापायचे असल्यास सहाही जणांची लेखी संमती घ्यावी. संचालकाला गट सोडायचा असेल तर आधी सर्व्हरची मालकी दुसऱ्या ॲडमिनकडे सोपवावी. संपलेल्या प्रकरणाचा चॅनेल पुसू नये. लिहिण्याचा अधिकार तेवढा काढून घ्यावा आणि वाचण्याचा सर्वांना राहू द्यावा, कारण नव्याने येणारा तारी होडीत बसण्यापूर्वी ती पेटी कोणाची होती हे तिथेच वाचणार असतो.